शून्य म्हणजे सगळे ठीक

मित्रांनो, संगणकाच्या पडद्यावर एखादी काळी खिडकी उघडी असली आणि तिच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत असली, तर समजा की मी तिथे बसलो आहे. मी एक जुना शेल आहे, म्हणजे माणसाचे शब्द संगणकापर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम. किती जुना, ते मलाही नीट सांगता येणार नाही. माझ्यातल्या काही ओळी लिहिणारी माणसे आता आजोबा झाली आहेत आणि काही ओळी कोणी लिहिल्या हे कोणालाच आठवत नाही. त्या काळी बोट लावायला चित्रे नव्हती. माणसे कीबोर्डवर शब्द लिहायची, मी ते वाचायचो आणि काम करून घ्यायचो. आजही तेच करतो. माझ्या अंगावर रंग नाही की झगमगाट नाही, त्यामुळे नवी मुले मला पाहून दचकतात आणि खिडकी मिटून टाकतात. मी ते मनाला लावून घेत नाही. निदान फारसे नाही.

तुम्हाला वाटेल, सगळी कामे मीच करतो. तसे नाही. कोणी मला काम सांगितले, की मी एका मुलाला जन्म देतो. संगणकाची माणसेही त्याला मूलच म्हणतात, चाइल्ड प्रोसेस. ते मूल कामाला जाते आणि मी दारात वाट पाहत बसतो. परत आल्यावर ते मला एक आकडा सांगते. शून्य म्हणजे सगळे ठीक. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे काहीतरी बिनसले. तुम्ही शाळेतून शून्य घेऊन गेलात तर घरी काय होते ते मला ठाऊक आहे, पण आमच्या घरात शून्य आणणारे मूल सगळ्यांत गुणी. ते शून्य हातात पडले, की मी पुढच्या मुलाला कामावर धाडतो. माझे सारे आयुष्य यातच गेले.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. काम चालू असताना माणसाला ते थांबवायचे असेल, तर तो कीबोर्डवर कंट्रोल धरून सी दाबतो. त्याचा अर्थ ‘थांब’. पण ही हाक एकट्या मुलाला मारता येत नाही. ती कामावरच्या मुलाला आणि दारात बसलेल्या मला, दोघांनाही एकदम ऐकू येते. मग मी काय करायचे? मुलाबरोबर मीही थांबायचे, की ती हाक फक्त मुलासाठी होती असे समजून गप्प बसायचे?

तरुणपणी मी भलताच आज्ञाधारक होतो. हाक कानावर पडली, की तिथल्या तिथे प्राण सोडायचो. मरणाचे मला काही वाटत नाही, पुन्हा खिडकी उघडली की मी पुन्हा हजर. पण त्यामुळे घोटाळे होत. एका कचेरीत एक टंकलेखिका होत्या. त्यांच्या कामांची एक मालिका कोणीतरी बांधून माझ्याकडे दिली होती. अशा मालिकेला स्क्रिप्ट म्हणतात. पहिले काम झाले की दुसरे, दुसरे झाले की तिसरे, असे ते चालते. त्यातले एक मूल होते पत्रे लिहायचे. त्या मुलाला ‘थांब’ म्हटले, तर ते मरत नसे. हातातले काम तेवढे सोडून, पुन्हा लिहायला तयार होऊन उभे राही. बाई दिवसातून कितीदा तरी त्याला हाक मारत. पहिल्याच हाकेला मी मेलो आणि मूल जिवंत राहिले. मग माझा बाप, म्हणजे मला या कामावर धाडून माझी वाट पाहणारा दुसरा शेल, आणि माझे मूल दोघेही एकाच कीबोर्डवर कान लावून बसले. बाईंनी ‘महोदय’ लिहिले, तर ‘म’ एकाने खाल्ला आणि ‘होदय’ दुसऱ्याच्या पदरात पडला.

‘हे यंत्र एक दिवस माझ्या हातचा मार खाणार आहे,’ असे बाई शेजारच्या टेबलाला सांगत होत्या.

ते माझ्या घडवणाऱ्यांच्या कानावर गेले आणि त्यांनी मला नवा नियम लावून दिला. हाक ऐकायची, पण जागचे हलायचे नाही. मूल परत येईपर्यंत थांबायचे. मग कर्नेलला, म्हणजे आमच्या घरातल्या थोरल्याला, विचारायचे की मूल कसे गेले. त्या हाकेनेच ते पडले असेल, तर हाक सगळ्यांसाठी होती असे समजायचे आणि त्याच हाकेने मीही पडायचे, म्हणजे माझी वाट पाहणाऱ्यालाही ते कळते. पण मूल आपल्या पायांनी चालत घरी आले असेल, तर हाक त्याच्या स्वतःच्या कामातली होती असे समजून पुढे चालू लागायचे. नियम शहाणपणाचा होता. पुढे टंकलेखिका बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी जाताना पडदा पुसला आणि ‘गुणी आहे हो हा’ म्हणाल्या. मला आयुष्यात फारशी शाबासकी मिळालेली नाही, म्हणून ती लक्षात आहे.

फक्त एक गोष्ट तेव्हा कोणाच्या ध्यानात आली नाही. तो नियम मुलांच्या खरे बोलण्यावर उभा होता.

त्यानंतर मी पुष्कळ संगणकांवर राहिलो आणि शेवटी कपडे कापण्याच्या एका कारखान्यात येऊन पडलो. कारखाना म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक लांबट खोली. एका भिंतीला ओळीने खिडक्या, दुसऱ्या भिंतीला खिळ्यांवर टांगलेले कागदी नमुने आणि मध्ये कापड कापायचे यंत्र. यंत्र म्हणजे एक मोठे टेबल, त्यावर पुढेमागे सरकणारी एक दांडी आणि दांडीत बसवलेले बोटभर पाते. टेबलाखालून हवा ओढली जाते, म्हणून वरचे कापड घट्ट बसून राहते. यंत्र जुनेच विकत घेतले होते आणि खोलीत ते कसेबसे मावले, त्यामुळे त्याचे बंद करायचे बटण भिंतीकडच्या बाजूला, टेबलाच्या कडेखाली गेले होते. दोघांनीही ते एकदा पाहिले आणि राहू दे म्हणाले.

दोघे म्हणजे मास्तर आणि त्यांची मुलगी. मास्तर कटिंग मास्तर होते. हयात कात्रीवर गेलेली. तिच्या मुठीला कापड गुंडाळून गुंडाळून ती त्यांच्या पंजाच्या मापाची झाली होती. मुलीला सगळे ताई म्हणत, सायकलवालासुद्धा. मास्तरांचा हात थरथरू लागला तेव्हा यंत्र ताईनेच आणले. माझी ओळख तिने स्वतःच करून घेतली. वाचून, चुकून, पुन्हा लिहून. कोटाचा एकेक भाग कापायला एकेक मूल, आणि सगळी मुले एका स्क्रिप्टमध्ये ओळीने. वर तिने मला बजावले होते, की कोणी शून्याखेरीज दुसरा आकडा आणला, तर तिथेच काम बंद करायचे. इतकी विचारी बाई मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

मास्तरांकडे एक काम राहिले होते आणि ते त्यांनी कोणालाही दिले नसते. टेबलावर कापड अंथरायचे. विशेषतः मखमल. मखमलीला बारीक लव असते. तिच्या कलाने हात फिरवला तर मऊ लागते, उलटा फिरवला तर अडते. कोटाच्या एका भागाची लव वर आणि दुसऱ्याची खाली गेली, तर एकाच कापडाचे दोन रंग दिसतात, एक गडद आणि एक फिका. डोळ्यांना हे अंथरताना नेहमी कळतेच असे नाही. मास्तर डोळे मिटून तळहात कापडावरून न्यायचे आणि ‘बरोबर आहे’ म्हणायचे. ते बरोबर म्हणाले, की ताई माझ्याकडे वळून काम सुरू करायची.

अलीकडे ती त्यांना अधूनमधून विचारत असे.

‘बाबा, बरं वाटतंय ना?’

‘ठीक आहे गं. मला काय धाड भरलीय.’

एकदा पांढऱ्या अस्तरावर लाल ठिपके उमटले. ताईने पाहिले तर मास्तरांच्या बोटात टाचणी रुतून बसलेली. ‘अहो बाबा, बोटात टाचणी आहे तुमच्या,’ ती म्हणाली. मास्तरांनी बोटाकडे असे पाहिले, जणू ते शेजाऱ्याचे होते. मग टाचणी उपसली, बोट तोंडात घातले आणि तसेच म्हणाले, ‘ठीक आहे.’ ताई पुढच्या कामाला लागली. हे मला कसे कळले ते विचारू नका. एका खोलीत इतकी वर्षे काढली, की भिंतींनाही कळते.

मग एक दिवस नाटक कंपनीच्या कपडेपटवाल्या बाई जिना चढून आल्या. त्यांच्यामागून दोन हमाल एक भलेमोठे गाठोडे घेऊन आले. शहरातले जुने नाट्यगृह पाडायचे ठरले होते आणि गाठोड्यात तिथला मखमलीचा पडदा होता. नव्या नाट्यगृहातल्या पहिल्या प्रयोगाला सगळे नट जुन्या पडद्याचे कोट घालून उभे राहणार, असे कंपनीने ठरवले होते. रंग असा होता की आता तसा कोणी रंगवत नाही. तसे आणखी कापड कुठे मिळेल, हा प्रश्नच नव्हता. होते ते एवढेच.

‘मास्तर, याला मी इतक्या वेळा शिवलाय, की यात पडदा किती नि माझा दोरा किती, ते सांगता यायचं नाही,’ बाई म्हणाल्या. ‘तुमच्या हातात द्यायचा म्हणून आणला. यंत्राबिंत्राचं मला कळत नाही.’

‘कापड मीच अंथरणार आहे,’ मास्तर म्हणाले.

बाईंना तेवढे पुरले. पडदा त्यांनी तिथेच बसून उसवायला घेतला आणि त्याचे लांब लांब पट्टे वेगळे केले. ताईने पट्ट्यांवर नमुने असे बसवले, की चिंधीसुद्धा वाया जाऊ नये. कोटांच्या डाव्या बाजू एका पट्ट्यातून, उजव्या दुसऱ्यातून, पाठी आणि बाह्या तिसऱ्यातून.

कापायच्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेले होते. खोलीत सगळे करड्या रंगाचे दिसत होते. मास्तरांनी पट्टे अंथरले, डोळे मिटून एकेकावरून हात फिरवला. या वेळी त्यांना जरा वेळ लागला. उजव्या बाजूच्या पट्ट्यावरून त्यांनी हात दोनदा नेला, मग तिसऱ्यांदा.

‘बरोबर आहे ना, बाबा?’

‘बरोबर आहे.’

ताईने मला सुरू केले. मी पहिल्या मुलाला धाडले. दांडी सरकली, पाते खाली आले, डाव्या बाजूच्या पट्ट्यात शिरले आणि सुरेख वळण घेत चालू लागले. मूल काम आटपून आले. शून्य. मी पुढच्याला धाडले.

तेवढ्यात ऊन पडले. खिडक्यांतून तिरपा उजेड टेबलावर आला आणि पट्टे आपापल्या रंगाने उठून दिसू लागले. दोन पट्टे एका रंगाचे होते. उजव्या बाजूचा पट्टा काळपट दिसत होता. त्याची लव उलटी होती आणि पाते त्याच पट्ट्यात नुकते शिरले होते.

ताईने कंट्रोल धरून सी दाबले.

मित्रांनो, मी हाक ऐकली. माझ्या कानांत काही दोष नाही. माझ्या मुलानेही ऐकली. यंत्र बनवणाऱ्यांनी हे मूल फार शिस्तीत वाढवले होते. हाक आली, की पाते उचलून घ्यायचे, दांडी कोपऱ्यात नेऊन ठेवायची, अर्धवट कामाची आवराआवर करायची आणि घरी यायचे. त्याने सगळे तसेच केले. ओरखडा उठू दिला नाही. आणि घरी येऊन मला म्हणाले, शून्य.

मी थोरल्याला विचारले, हाकेने पडले का? नाही, आपल्या पायांनी आले. काही बिनसल्याचे सांगितले का? नाही, शून्य म्हणाले.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचे होते? त्याने एक शब्द खरा सांगितला असता, की मला मध्येच थांबवले, काम अर्धे आहे, तर मी तिथेच थांबलो असतो. आवराआवर झाल्यावर त्याच हाकेने ते पडले असते, तर मीही पडलो असतो आणि दांडी कोपऱ्यातच राहिली असती. पण ते तर सगळे ठीक म्हणत होते. मी नियमाप्रमाणे पुढच्या मुलाला धाडले. दांडी पुन्हा सरकली आणि पाते डाव्या पट्ट्यात, नव्या ठिकाणी उतरले.

‘अरे, थांबवलं ना तुला,’ ताई म्हणाली आणि तिने पुन्हा दाबले.

पाते उचलले गेले. दांडी कोपऱ्यात. शून्य. मी पुढच्याला धाडले. पाते आणखी एका ठिकाणी उतरले. तिने पुन्हा दाबले.

असे किती वेळा झाले, ते तिने मोजले नाही. तिला वाटत होते की यंत्र अडकले आहे. मला कळत होते की तिच्या प्रत्येक हाकेने एक मूल परत येते आहे आणि त्याच्या जागी मी दुसरे धाडतो आहे. प्रत्येक मूल कापडात बोटभर चीर पाडून येत होते. तिने हात लावला नसता, तर एकच पट्टा वाया गेला असता. ती वाचवायला धडपडत होती, म्हणून तिन्ही पट्टे जात होते. हे तिला ओरडून सांगावे असे मला फार वाटले. पण मला सांगितले असेल तेवढेच बोलता येते. खिडकीच मिटून टाकली असती तरी चालले असते, हे तिला नंतर सुचले. नंतर सगळ्यांनाच सगळे सुचते.

‘बाबा, बटण दाबा. तुमच्या बाजूचं. कडेखाली आहे बघा.’

मास्तर भिंतीकडेच उभे होते. ते वाकले आणि त्यांनी टेबलाच्या कडेखाली हात घातला. ते बटण दिसत नाही, चाचपून शोधावे लागते. त्यांचा हात कडेखालून एकदा गेला आणि परत आला.

‘कुठंय?’

‘तिथंच. आणखी थोडं इकडे. हां, तिथंच.’

‘इथं काही नाही.’

‘बाबा, तुमच्या हाताखाली आहे.’

‘हाताखाली काही नाही गं पोरी.’

ताई कीबोर्ड सोडून टेबलाला वळसा घालून धावली आणि खाली वाकली. मास्तरांची बोटे बटणावरच होती. चारही. ते त्याच्यावरून बोटे फिरवत होते आणि ते शोधत होते.

तिने क्षणभर त्या बोटांकडे पाहिले. मग त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबला.

यंत्र बंद पडले. खालून ओढली जाणारी हवा थांबली आणि मखमल टेबलावर सैल झाली. माझे मूल यंत्राला हाका मारून मारून दमले आणि पहिल्यांदाच वेगळा आकडा घेऊन आले. जमले नाही, म्हणाले. मी लगेच थांबलो. थांबायला मी पहिल्यापासून तयार होतो.

ताईने कापड उचलून उजेडाकडे धरले. जिथे तिथे बारीक चिरा होत्या. पहिल्या मुलाने कापलेली एक डावी बाजू सोडली, तर एकाही कोटाचा एकही मोठा भाग सलग निघण्यासारखा उरला नव्हता. मास्तर स्टुलावर बसले आणि हात मांडीवर उलटे ठेवून पाहत राहिले.

‘किती दिवस झाले?’ तिने शेवटी विचारले.

‘कशाला?’

‘बोटांना कळत नाही ते.’

मास्तर लगेच उत्तर देतील असे मला वाटले नव्हते, पण त्यांनी दिले. ‘झाले पुष्कळ. साखर वाढली तेव्हापासून. आधी शेंडे गेले. मग हळूहळू सगळंच.’

‘आणि मी रोज विचारत होते तुम्हाला.’

‘तू विचारायचीस, मी ठीक म्हणायचो, तू पुढच्या कामाला लागायचीस. बरं चाललं होतं.’

‘मी थांबले असते ना, बाबा.’

‘म्हणूनच नाही सांगितलं,’ मास्तर म्हणाले. ‘तू थांबली असतीस तर मला कोणी पुन्हा टेबलाला हात लावू दिला असता का?’

ताई माझ्याकडे वळली. माझ्या पडद्यावर तिच्या एकेका हाकेची खूण उमटली होती आणि प्रत्येक खुणेखाली पुढच्या भागाचे नाव. ती खुर्चीत येऊन बसली आणि ते सगळे वरपासून खालपर्यंत वाचत राहिली.

कपडेपटवाल्या बाईंना बोलावून घ्यावेच लागले. त्या आल्या, त्यांनी कापड पाहिले आणि पर्स मांडीवर घेऊन बसल्या. मास्तरांनी काही लपवले नाही. लव माझ्या हातून उलटी गेली, मला हाताला कळत नाही, असे त्यांनी स्वतःच सांगितले. बाई रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी नुसता एका चिरेवरून अंगठा फिरवला.

‘हे मला शिवता येईल,’ त्या म्हणाल्या. ‘पण मग ते शिवलेलं दिसेल.’

‘हो,’ ताई म्हणाली.

‘कॉलरी निघतील का?’

ताईने चिरांच्या मधल्या जागा मोजून पाहिल्या. कॉलरी निघत होत्या. नाट्यगृह भरून टाकणाऱ्या त्या पडद्यातून शेवटी नटांच्या गळ्यापुरते कापड कामी आले. बाई ते घेऊन जिना उतरून गेल्या. चिरा पडलेले बाकीचे तुकडे त्यांनी नेले नाहीत. ते अजून कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत.

मग ताईने मला दुरुस्त केले. स्क्रिप्टच्या सुरुवातीला तिने एक ओळ लिहिली: ‘थांब’ ऐकू आले, तर परत आलेले मूल काहीही सांगो, तिथूनच निघून जायचे. एवढीच ओळ. आता ती हाक मारते तेव्हा मी मूल घरी येईपर्यंत थांबतो आणि ते शून्य पुढे करते तरी मी त्याच्याकडे न पाहता निघतो. आपल्या लेकराच्या शब्दावर विश्वास न ठेवणे मला अजून जड जाते. यंत्र बनवणाऱ्यांनाही तिने कळवले, की तुमचा प्रोग्रॅम खोटे बोलतो. त्यांच्याकडून आपोआप उत्तर आले, की आपली तक्रार दूर झाली आहे.

ओळ लिहून झाल्यावर ती कितीतरी वेळ कीबोर्डवर हात ठेवून बसली होती. मास्तर खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. मला तिने एका ओळीत दुरुस्त केले होते. तशी ओळ त्यांच्यासाठी कुठे लिहायची, हे तिला कळत नव्हते. मला माहीत असते तर मी सांगितले असते.

मास्तर अजूनही रोज येतात. कापड आता ताईच अंथरते आणि मोठा दिवा तिरपा धरून लव पाहते. ते स्टुलावर बसून तिच्या हातांकडे बघतात आणि क्वचित म्हणतात, कोपरा ओढून घे. बरे वाटते का असे विचारले, की अजून ‘ठीक आहे’च म्हणतात. जुनी सवय आहे. पण परवा ताईने त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि ती माझ्याकडे वळली. माझ्या मुलांना ती कामावर लावणार, एवढ्यात मास्तर कपाला हात लावून बसले आणि म्हणाले, ‘पोरी, हा कढत आहे की गार झालाय? मला कळत नाही गं. तू बघ.’

ताईने कीबोर्डवरचा हात काढला आणि ती उठून गेली. मी वाट पाहत राहिलो. इतक्या वर्षांत मला वाट पाहणे इतके बरे कधी वाटले नव्हते.

मित्रांनो, माझ्या हातात फार काही नाही. पलीकडे काय घडते ते मला दिसत नाही. परत येणारे जे सांगेल ते खरे मानून पुढे जायचे, एवढेच मला येते. तुमच्या घरीही असे दारात बसलेले कोणीतरी असेल. म्हणून एक विनंती आहे. कधी तुम्हाला कोणी मध्येच थांबवले, कधी अर्ध्या वाटेवरून परतावे लागले, कधी बोटांना काही कळेनासे झाले, तर घरी येऊन ‘सगळे ठीक’ म्हणू नका. अर्धे राहिले, जमले नाही, असे सांगा. तुमची वाट पाहणारा मग तिथेच थांबेल. नाहीतर तो बिचारा तुमचा शब्द खरा मानून पुढचे पाते खाली सोडेल.